नाणावट्यांची वही

एखाद्या माणसाची थोरवी सांगायची असली की तो 'नाणावलेला' आहे असे आपण म्हणतो, आणि त्याची अब्रू गेली की त्याच्या नावाला 'बट्टा' लागतो. दोन्ही शब्द सराफकट्ट्यावरून आले आहेत. नाणावणे म्हणजे नाणे वाजवून, कसून, तोलून खरे ठरणे. बट्टा म्हणजे त्याची झीज वा हिणकसपणा पाहून सराफाने कापून घेतलेली रक्कम. सराफ, पारखी, पोतदार, नाणावटी ही आडनावेही त्याच पेढीवरची. भाषेने हा धंदा इतक्या निगुतीने जपून ठेवला असताना इतिहासाच्या पुस्तकांत मात्र नाणे पाडणारा राजा दिसतो, टांकसाळ दिसते, फार तर शेवटी वस्तुसंग्रहालयाचे कपाट दिसते. या दोहोंच्या मध्ये ते नाणे ज्यांच्या हातांतून गेले, ती माणसे दिसत नाहीत.

आम्हांला येथे त्यांच्याकडे पाहायचे आहे. त्यांतही मोठ्या लिलावगृहांकडे किंवा नामांकित संग्राहकांकडे नव्हे, तर शाळेतली, बँकेतली किंवा टपाल खात्यातली नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी जुन्या नाण्यांची खरेदीविक्री करणाऱ्या माणसाकडे. महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्ह्यांच्या गावी असा एखादा तरी असतो. त्याचे भांडवल थोडे असते, नफा त्याहून थोडा असतो, आणि तो जे करतो त्याला इतिहासकार कधी उपकारक म्हणतात, तर कधी चोरी.

मुळात नाण्यांचा व्यापार हा आपल्याकडे हौशीचा प्रकार नव्हताच. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा कंपनीचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे एक कलम इंग्रजांनी पुढे केले होते. महाराजांनी ते अनावश्यक ठरवले. नाणे चोख आणि वजनात पुरे असेल तर ते आपोआप चालेल, आणि नसेल तर प्रजेने नुकसान सोसून ते घ्यावे अशी सक्ती आपण करणार नाही, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. या उत्तरात राजनीती आहेच, पण बाजाराचे एक साधे वास्तवही आहे. नाण्यावर कोणाचा छाप आहे यावर त्याची किंमत पूर्णपणे ठरत नसे. ती सराफ ठरवीत असे.

पेशवाईत तर सराफावाचून पानच हलत नव्हते. अंकुशी, चांदवडी, मिरजी असे अनेक रुपये एकाच वेळी फिरत होते आणि एका पेठेतला रुपया दुसऱ्या पेठेत गेला की त्याला बट्टा बसत असे. टांकसाळीही बहुधा सरकार स्वतः चालवीत नसे. सोनारांना वा सावकारांना सनद देऊन, त्यांच्याकडून ठरावीक रक्कम घेऊन त्या चालत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी यांवर जो इंग्रजी निबंध वाचला, त्यात ही सारी व्यवस्था पाहायला मिळते. आजच्या मराठी वाचकाला खटकणारी गोष्ट अशी की, यांतल्या बहुतेक रुपयांवर मजकूर फारसीत असे आणि नाव दिल्लीच्या बादशहाचे असे. पेशव्यांची ओळख पटवायची तर अंकुशासारख्या एखाद्या चिन्हावरून. मोठ्या उत्साहाने 'पेशव्यांचा रुपया' मागायला येणाऱ्या गिऱ्हाइकाला ही माहिती दिली की त्याचा चेहरा उतरतो, हे आम्ही पाहिले आहे. देवनागरी अक्षरांची अपेक्षा पुरी करते ती तांब्याची शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. तिचे पेशवेकालीन 'दुदांडी' प्रकार तर पुढे इंग्रजी अमलातही दीर्घकाळ लोकांच्या हातांत होते.

१८३५ मध्ये कंपनी सरकारने आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला: वजन १८० ग्रेन, त्यात चांदी १६५ ग्रेन. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही सुधारणा म्हणून येते, आणि ती सुधारणा होतीही. पण सराफाचा बट्टा तिने हळूहळू संपवला आणि शेकडो प्रकारच्या जुन्या नाण्यांना एका फटक्यात 'मोड' करून टाकले. मोड हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चलनातून बाद झालेले नाणे म्हणजे केवळ धातू. ते मुशीत जाणार हे ठरलेले. जे वाचले ते दोनच जागी वाचले: देव्हाऱ्यात आणि गळ्यात. लक्ष्मीपूजनाच्या तबकात पिढ्यान्‌पिढ्या ठेवलेल्या रुपयांमुळे आणि माळेत ओवलेल्या नाण्यांमुळे आज आपल्याला कितीतरी प्रकार ठाऊक आहेत. पुतळ्यांची माळ हे त्याचे नामी उदाहरण. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरील आकृती येथल्या बायकांना पुतळीसारख्या दिसल्या आणि परदेशी चलन मराठी दागिना झाले. नाणेविक्रेत्याच्या लेखी मात्र कडी लावलेले किंवा भोक पाडलेले नाणे म्हणजे निम्म्याहून कमी किमतीचे. ज्या भोकामुळे ते मुशीतून वाचले, तेच भोक आता त्याचे वैगुण्य ठरते.

नाण्याकडे पुरावा म्हणून पाहण्याची दृष्टी याच शतकात आली. मुंबईत भाऊ दाजींच्या सान्निध्यात घडलेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पश्चिम क्षत्रपांची नाणी चिकाटीने जमवली आणि त्यांवरून राजांचा क्रम लावला. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले, आणि त्यांचा नाणेसंग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला. १९०८ मध्ये रॅप्सनने आंध्र आणि क्षत्रप नाण्यांची जी प्रसिद्ध सूची छापली, तिच्यामागे हे धन उभे आहे. भगवानलालांना ही नाणी मिळाली ती बाजारातून, सराफांकडून, खेड्यापाड्यांतल्या माणसांकडून. त्या विकणाऱ्यांची नावे कोठेही नाहीत.

याच सुमाराची दुसरी घटना अधिक बोलकी आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. त्यात १३,००० हून अधिक नाणी होती आणि ती सारी क्षहरात नहपानाची. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा उमटवला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी हा साठा तपासून त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सातवाहनांनी क्षत्रपांचा पाडाव केल्याचा याहून ठसठशीत पुरावा क्वचितच मिळेल.

आता कल्पना करावी की हा हंडा सापडताच नाणी दहा-दहा, वीस-वीस अशी निरनिराळ्या सराफांकडे गेली असती. काही मुशीत, काही माळेत, चांगली निवडक नाणी संग्राहकांकडे. तरीही सातकर्णीचा छाप असलेले नहपानाचे नाणे आपल्याला माहीत झालेच असते. पण प्रमाण कळले नसते. दर तीन नाण्यांमागे साधारण दोन पुन्हा छापलेली, ही गोष्ट एकेका नाण्यात नाही, ती सबंध साठ्यात आहे. स्कॉट यांच्या आणखी एका गोष्टीवर नजर गेली. नाण्यांवरचे नहपानाचे मुखवटे इतके भिन्न आहेत, की ती एकाच माणसाची चित्रे असू शकत नाहीत, असे त्यांना वाटले. त्यांचा निष्कर्ष मान्य करा वा न करा, तो प्रश्न विचारायलाही हजारो चेहरे एकाच वेळी समोर असावे लागतात.

या मुद्द्याला शास्त्राचे रूप दिले ते दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. गणिती असलेल्या कोसंबींनी १९४० नंतरच्या काळात आहत नाण्यांचा अभ्यास हाती घेतला. त्यांचा विचार वरवर अगदी साधा होता. नाणे हातोहात फिरताना झिजते. जितका काळ ते चलनात राहील तितकी सरासरी झीज अधिक, आणि नाण्यानाण्यांतल्या वजनांची तफावतही अधिक. हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळच्या चालू चलनातली हजारो नाणी तोलली. मग तक्षशिलेला सापडलेल्या साठ्यांकडे वळून त्यांनी दाखवले की, नाण्याच्या मागच्या बाजूवर बारीक खुणा जितक्या जास्त, तितके त्याचे सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा ठरावीक काळाने नाणे पारखणाऱ्या व्यापाऱ्यांच्या असल्या पाहिजेत. राजाचा छाप पुढे, नाणावट्यांची सही मागे! दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या सराफांची एवढीच नोंद शिल्लक आहे, आणि ती वाचायला एका गणितज्ञाला तराजू घेऊन बसावे लागले.

नाणेविक्रीचा आणि इतिहासाचा खरा बखेडा येथे आहे. विक्रेता दुर्मिळतेवर जगतो, इतिहास वारंवारतेवर. विक्रेत्याला ढिगातले एक उत्तम नाणे हवे, इतिहासाला ढीग हवा. विक्रेता चिंचेच्या कोळाने, लिंबाने नाणे घासून लखलखीत करतो, कारण गिऱ्हाईक चमक पाहते. त्या घासण्यात वजनही जाते आणि वरचा थरही जातो. कोसंबींच्या पद्धतीचे काम अशा नाण्यांवर करता येत नाही. झिजलेले, नाव न लागणारे, सर्वसामान्य नाणे विक्रेत्याच्या टेबलावर 'कोणतेही घ्या' या डब्यात पडते. अभ्यासकाच्या दृष्टीने तोच डबा सर्वांत मोलाचा असू शकतो.

तथापि, एवढ्यावरून या छोट्या विक्रेत्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे आम्हांला मान्य नाही. त्याचा माल कोठून येतो ते पाहावे. नाशिक-पैठणच्या गोदाकाठी आणि इतरही नद्यांवर झारेकरी वाळू धुऊन धातूचे कण वेचतात. त्यांच्या पाटीत शिशाची आणि पोटीनची सातवाहन नाणी येतात, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार वर्तुळांचे उज्जैनी चिन्ह. पावसाळ्यानंतर जुन्या पांढरीच्या टेकाडांवर पोरांना नाणी सापडतात. भंगारवाल्याकडे घर मोडताना निघालेल्या तांब्यापितळेत शिवराया येतात. सराफाकडे आजीच्या माळेतले रुपये मोडीला येतात. या प्रत्येक ठिकाणी नाण्यापुढे दोनच वाटा असतात: मूस किंवा हा रविवारचा गिऱ्हाईक. तो मोडीच्या भावावर चार पैसे जास्त देतो म्हणून नाणे वाचते. चांदीचे भाव १९८० च्या आरंभी आणि पुन्हा २०११ मध्ये भडकले, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या साध्या रुपयाला संग्राहक देत असलेली किंमत आणि त्यातल्या चांदीची किंमत यांतले अंतर मिटले. असे झाले की साधे नाणे नाणे राहतच नाही. त्या काळात किती वितळले याची मोजदाद कोण ठेवणार?

कायद्याने येथे काय केले हेही पाहण्यासारखे आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. सरकारने ते घ्यायचे ठरवले तर मोबदला काय? धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश. सोन्याच्या होनांचे ठीक आहे, पण शिशाच्या नाण्याच्या धातूची किंमत ती काय, आणि तिचा पाचवा हिस्सा तो काय! नांगराला हंडा लागलेला शेतकरी कचेरीची पायरी चढण्यापेक्षा रात्रीच्या अंधारात सराफाकडे का जातो, याचे उत्तर या आकड्यात आहे. कायदा करणाऱ्यांनी नाण्यात धातू पाहिला, म्हणून सापडणाऱ्यानेही धातूच पाहिला.

पुढे १९७२ चा पुरावस्तू आणि कलानिधी कायदा आला आणि १९७६ पासून अमलात आला. त्याने शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरवली, खासगी निर्यात बंद केली आणि पुरावस्तूंच्या विक्रीच्या धंद्याला परवाना आवश्यक केला. परवानाधारकाने नोंदवह्या ठेवाव्यात असेही त्यात आहे. हेतू निःसंशय चांगला, आणि निर्यातबंदीमुळे पुष्कळ काही देशात राहिले असेल. पण शंभर वर्षांची ही रेषा स्थिर नाही, ती दर वर्षी पुढे सरकते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. त्याच्या अंगरख्यावरील साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोभाटा झाला आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. हा 'डुकराचा रुपया' २०१० मध्ये साधी जुनी वस्तू होता आणि दोनच वर्षांत पुरावस्तू झाला. महिन्याकाठी पाचपन्नास नाणी विकणारा, परवाना म्हणजे काय हेही न जाणणारा माणूस असा बसल्या जागी कायद्याच्या कक्षेत येतो. तो मग काय करतो? धंदा बंद करत नाही. वही बंद करतो.

या वहीबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. भाषेचे अभ्यासक म्हणून नाण्यांवरच्या अक्षरवळणांच्या निमित्ताने आम्ही अशा एका विक्रेत्याकडे काही काळ जात होतो. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी आम्हांला शिवरायांवरील अक्षरांची रूपे दाखवली: 'शिव'चा कोठे 'सिव', 'पति'ची वेलांटी कोठे ऱ्हस्व, कोठे दीर्घ. एका नाण्यावर सबंध मजकूर जवळजवळ कधीच नसतो, कारण ठसा मोठा आणि धातूची चकती लहान. रुपयांचेही तेच. त्यामुळे टांकसाळीचे नाव जुळवायचे तर एकाच प्रकारची दहावीस नाणी शेजारी ठेवून तुकड्या-तुकड्यांनी वाचावे लागते. हे काम त्यांनी वर्षानुवर्षे रात्री जेवणानंतर केले होते. के. के. माहेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचा इंग्रजी ग्रंथ १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या टेबलावर झिजून गेला होता, आणि त्याच्या समासात त्यांच्या स्वतःच्या दुरुस्त्या होत्या.

पण आमचे लक्ष वेधले ते त्यांच्या वहीने. बँकेतल्या शिस्तीने आखलेली. तारीख, कोणाकडून, कोणत्या गावचा माल, किती नग, एकूण वजन, काय दिले. पुढच्या पानावर विक्री. सुरुवातीच्या वर्षांत गावाचे नाव पूर्ण लिहिलेले, पुढे केवळ आद्याक्षर, त्यापुढे रकाना रिकामा. कारण विचारले तर म्हणाले, "सर, लिहिलं की विचारणारा येतो." वहीच्या पहिल्या चाळीस पानांवर एका तालुक्यातल्या कोणत्या गावी कोणते चलन फिरत होते याचा जो अंदाज येतो, तो आम्हांला कोणत्याही छापील पुस्तकात मिळालेला नाही. अमुक गावाहून आलेल्या दोन किलो तांब्यात दुदांडी किती, शिवकालीन किती, आदिलशाही किती, कंपनीचे पैसे किती. उत्तम नाणी विकली गेली, पण ढिगाचा हिशेब राहिला. जोगलटेंभीला जे साठ्याने सांगितले, ते येथे लहान प्रमाणावर एका वहीने सांगितले.

येथे तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांची आठवण होते. आपल्याच गावाच्या मातीतून निघणाऱ्या वस्तू त्यांनी आयुष्यभर गोळा केल्या आणि पुढे त्यांतून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. तेर हे प्राचीन 'तगर', हे आज शाळकरी मुलांनाही सांगता येते. लामतुरे यांच्या संग्रहाचे खरे बळ असे की, तो एका गावचा आहे. कोणती वस्तू कोठली, हा प्रश्न तेथे उरत नाही. आमच्या बँकवाल्या गृहस्थांचा संग्रह टिकण्यासारखा नव्हता, तो विकण्यासाठीच होता. पण 'कोठले' या एका रकान्याने तो लामतुऱ्यांच्या जातीचा झाला होता. तो रकाना रिकामा राहू लागला तेव्हा उरला फक्त धंदा.

अलीकडे या धंद्याला वेगळाच रोग लागला आहे. अमुक वर्षाचे नाणे द्या आणि लाखो रुपये घ्या, अशा जाहिरातींनी लोक वेडे झाले. अखेर ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला आपल्या नावाने जुनी नाणी-नोटा विकत घेणाऱ्यांच्या फसवणुकीपासून सावध राहण्याची सूचना काढावी लागली. ओतीव होन आणि नवे 'रामटंके' यांचा सुळसुळाट वेगळाच. खऱ्या शिवकालीन होनांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि बाजारात मात्र ते पसाभर मिळतात. जुना विक्रेता नाण्याच्या कडेवरून नख फिरवून ओतकामाची रेघ शोधतो, दगडी फरशीवर टाकून आवाज ऐकतो. ही पारख पडद्यावरच्या छायाचित्रातून होत नाही.

परवाने सोपे करावेत, की सापडणाऱ्याला मोबदला बाजारभावाने द्यावा, यावर तज्ज्ञांनी बोलावे. आमची मागणी त्याहून लहान आहे. विद्यापीठांचे इतिहास विभाग, जिल्ह्याजिल्ह्यांतली संशोधन मंडळे यांनी या माणसांच्या वह्या तरी पाहाव्यात, त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, आणि तसे करताना त्यांना चौकशीचे भय वाटणार नाही एवढी सभ्यता पाळावी. मोडी कागदांसाठी आपण गावोगावच्या माड्या पालथ्या घातल्या. ही तर बॉलपेनाने लिहिलेली, रेघांची, अवघी तीस-चाळीस वर्षांची कागदपत्रे आहेत.

ते गृहस्थ आता नाहीत. मुलाने उरलेला माल एका व्यापाऱ्याला ठोक दिला: चांदी चांदीच्या भावाने, तांबे किलोवर. वह्या एकूण सात होत्या. त्यांतल्या दोन आमच्याकडे आहेत, कारण अक्षरवळणे उतरवून घेण्यासाठी आम्ही त्या मागून आणल्या होत्या. उरलेल्या पाचांविषयी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला की त्यांत नाणी नव्हती, नुसता हिशेब होता.